जंगलपट्टीतले शिंपले

नव्या जमिनीवर गेलं की तो आधी चपला काढायचा आणि उजवी टाच दोनदा आपटायचा. मग सांगायचा, "बंदरपट्टी." नाहीतर, "जंगलपट्टी." तिसरा शब्द त्याच्याकडे नव्हता.

ऐंशीच्या दशकात मी डहाणूला मोजणीदार होतो आणि तो माझा साखळीवाला. लोखंडी साखळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं दुसऱ्या गड्याच्या. मी आकडा मोठ्याने वाचला की तो हमखास विचारायचा, "लिवला का, साहेब?" त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण मी लिहिल्याशिवाय टोक सोडायचा नाही.

राज्याचे तीन भाग तुम्ही-आम्ही शाळेत पाठ केलेत: किनारपट्टी, सह्याद्री, पठार. एकदा त्यालाही सांगितले.

"पठार कुठं?"

"घाटावर."

"मंग तिकडचा तिकडचे मोजतील."

आपल्या दोन पट्ट्या मात्र त्याला टाचेने कळत. चिखले गावच्या किनाऱ्याची वाळू, खाजणातला चिकट गाळ, वाडीची माती ही बंदरपट्टी; रूळ ओलांडल्यावर मुरूम आणि पार तलासरीकडे काळा खडक ही जंगलपट्टी.

खांद्याला दोन पिशव्या असत. जंगलपट्टीत हद्दीचा दगड रोवताना खड्ड्याच्या तळाशी तो मूठभर शिंपले टाकी, बंदरपट्टीत मूठभर काळी खडी. दगड कुणीही हलवतो, खालचं कुणाला ठाऊक नसतं, हे त्याच्या बापाचं शिक्षण. नियमात असं काही नव्हतं, म्हणून मी दोनदा हटकलं. तो म्हणाला, "साहेब, शिंपला डोंगर चढतो का?"

तो गरीब गाय होता असं समजू नका. हद्दीच्या दगडाला लाथ मारली म्हणून त्याने चिंचणीत एकाचे दोन दात पाडले होते. त्याच्या रागापायी मी एकूण तीन खुलासे लिहिले.

तलासरीकडच्या एका पाड्यावर एका विधवा म्हातारीचा नाचणीचा उतार होता. खालच्या सपाटीवर गवताच्या व्यापाऱ्याचं शेत. मधला दगड व्यापाऱ्याने उतारावर सरकवला, असं म्हातारीचं म्हणणं. नकाशातलं अंतर ज्या ताडापासून धरलं होतं, तो ताडही बुंध्यासकट नाहीसा झाला होता. मोजायचं कुठून? म्हातारीला दुसरी जमीन नव्हती.

मोजणीला व्यापारी सहा माणसं घेऊन आला. काठ्या होत्या, दोन कोयते होते.

"मोजा ने साहेब, दगड समोर उभा आहे," तो हसत म्हणाला.

साखळीवाला चपला काढून उताराच्या पायथ्याशी टाच आपटत फिरला. चौथ्या जागी थांबला. "इथं पोकळ लागतो." पहारीने खणलं. हातभर खाली पांढरे शिंपले निघाले. बारा वर्षांपूर्वी त्यानेच टाकलेले.

"बुजव रे तो खड्डा!" व्यापारी आपल्या माणसांवर ओरडला.

साखळीवाल्याने पहार टाकली आणि उजवा पाय खड्ड्यात शिंपल्यांवर रोवला. "साहेब, साखळी धरा."

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी कानावर. साखळीचा दुसरा गडी पळाला. मी, खरं तेच लिहितो, पंधरा पावलं मागे जाऊन मोहाच्या झाडाआड उभा राहिलो. याने साखळी गरकन फिरवली. एकाच्या तोंडावर कड्या बसल्या आणि तो गाल धरून लोळायला लागला. दुसऱ्याने पडलेली पहार उचलली आणि खड्ड्यातल्या पायावर घातली. एकदा. पुन्हा. पुन्हा. तीन घाव. मोजायची सवय झाडाआडही सुटली नाही. तिसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. तो खाली बसला, पण पाय काढला नाही.

"मारला रे, मारला!" करत म्हातारी धोंडा घेऊन धावली. तिच्यामागे सगळा पाडा धावला. तेव्हा कुठे ती माणसं पळाली.

"साहेब, या ना," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, तेच मला आजही लागतं.

म्हातारीने साखळीचं एक टोक सरकवलेल्या दगडाशी धरलं, दुसरं त्याने आपल्या पायाशी. मी वाचलं, "साडेअकरा मीटर."

"लिवला का?"

"लिहिलं."

मग त्याने पाय उचलू दिला. शिंपल्यांचा लाल चुरा झाला होता.

त्या आकड्यावर म्हातारीचा उतार म्हातारीकडे राहिला. त्याचा पाय मात्र घोट्यापासून कापावा लागला. मी भेटायला जायचो तेव्हा तो अंगणात बसून काठी आपटत असे. एकदा म्हणाला, "काठीला काय कळत नाय, साहेब."

नव्वदीच्या मध्यावर तो गेला. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने शिंपल्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "आमच्या डोंगरात हे काय कामाचं? दर्यात टाका."

घरी येऊन वजन केलं. पावणेदोन किलो. चिखल्याचा किनारा माझ्या घरापासून सायकलने अर्धा तास. पिशवी हँडलला अडकवून मी तीनदा तिथवर गेलो आणि तीनदा तशीच परत आणली. तिथे सगळीकडे शिंपलेच आहेत. त्याचे ओळखू येणार नाहीत.