गठ्ठा कुठे अडला

आमच्या धाकट्या दिरांना सगळे मास्तर म्हणतात, पण त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. ते कटिंग मास्तर. शाळांचे गणवेश आणि दवाखान्यातले डगले शिवणाऱ्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी कापड कापलं. माणूस सरळ, हात सोन्याचा, हट्ट मात्र खेचराचा. घरात काकडी चिरली तरी सगळ्या चकत्या एका जाडीच्या, आणि तेवढ्यासाठी जेवण अर्धा तास उशिरा. माझ्या धाकट्या जावेने त्यांना स्वयंपाकघरात येऊ देणं केव्हाच बंद केलं.

त्यांच्या कामाची एक रीत होती. कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा बांधला की ते त्याच्या कडांवरून अंगठा फिरवत, तुकडे उलटून पालटून बघत आणि वरच्या तुकड्यावर खडूने खूण करत. ती खूण दिसल्याशिवाय शिलाईच्या बायका गठ्ठ्याला हात लावत नसत. रीत उगाच पडली नव्हती. फार पूर्वी कोणाच्या तरी घाईपायी दोनशे डगल्यांना दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या होत्या. तेव्हापासून खूण म्हणजे ब्रह्मवाक्य.

मग मालकीणबाईंनी संगणकावर चालणारं कापायचं यंत्र आणलं. कारखान्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. तीन दिवसांचं कटिंग ते एका दिवसात उरकायचं. आणि तीन महिन्यांनी बघावं, तर शिवून बाहेर पडणारे कपडे होते तेवढेच. पैसा ओतला की काम आपोआप वाढतं अशी भल्याभल्यांची समजूत असते. मी स्वतः तीस वर्षं एका कारखान्याच्या नियोजन खात्यात काढली आहेत, त्यामुळे मला काडीचंही नवल वाटलं नाही.

मालकीणबाईंना मात्र वाटलं. त्यांनी दिरांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "मास्तर, महिनाअखेरपर्यंत आकडा हलला नाही तर मला माणूस कमी करावा लागेल. कापायला आता यंत्र आहे. कोण कमी होईल ते तुम्हीच ओळखा."

निवृत्तीला तीन वर्षं बाकी, आणि या माणसाला दुसरं काही येत नाही. जावेचा मला फोन आला, "वहिनी, हे घरी बसले तर मी घर सोडून जाईन." थट्टेत म्हणाली, पण आवाज ओला होता.

रविवारी सकाळी दोघं माझ्याकडे आले. दिरांनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

"यंत्रच खोटं आहे, वहिनी."

"चुकीचं कापतं का?"

"कापतं बरोबर. केसाचाही फरक नाही."

"मग खोटं कसलं, भाऊजी? तुमच्याहून चांगलं कापतं म्हणून?"

जाऊ खिडकीकडे तोंड करून हसली. दीर चिडले. "बायका गप्पा मारत बसतात. मला इकडे घास गिळायला वेळ नाही, आणि त्या हातावर हात ठेवून बसलेल्या. मी डोळ्यांनी बघतो ना."

"का बसतात?"

"गठ्ठा नसतो म्हणून."

"यंत्र तर गठ्ठ्यांचे डोंगर करतंय म्हणालात. ते डोंगर कुठे आहेत?"

"माझ्या टेबलावर. टेबलाखाली. जिन्यापर्यंत..."

आणि ते थांबले.   पूर्वी दिवसाला तीस गठ्ठे कापले जायचे आणि तीसच तपासले जायचे. आता नव्वद कापले जात होते, आणि अंगठा तोच, तीसवर दमणारा. हे गृहस्थ घाम गाळताना सगळ्यांना दिसत होते, म्हणून त्यांच्यावर कोणाचा संशय गेला नाही. त्यांचा स्वतःचा तर नाहीच.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"खूण सोडली तर माझं तिथे उरलं काय?" हे ते स्वतःशीच म्हणाले, आम्हाला विचारलं नव्हतं, तरी जाऊ म्हणाली, "न सोडताही महिनाअखेरीला काय उरणार आहे?"

सोमवारी ते थेट मालकीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले. यंत्र चांगलं आहे, बायका चांगल्या आहेत, काम मी अडवतोय, असं सांगून टाकलं. मालकीणबाईंनी विचारलं, "मग तुमचं मी काय करू?" ते म्हणाले, "ते ठरल्या दिवशी ठरवा. तोवर मला शिलाईच्या ओळीत बसू द्या."

यापुढे यंत्राने नवा माल कापायला घेतल्यावर निघणारा तुकड्यांचा पहिला संचच ते तपासणार, बाकीचे गठ्ठे सरळ शिलाईला. ठरलं खरं, पण बायका ऐकेनात. बिनखुणेचे गठ्ठे समोर पडलेले आणि सगळ्या हात आवरून. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईने विचारलं, "मास्तर, तब्येत बरी आहे ना? उद्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या तर तो डगला तुम्हाला घालून दारात उभं करू."

"करा," दीर म्हणाले आणि पहिला बिनखुणेचा गठ्ठा त्यांनी स्वतः मशीनवर घेतला. कापायला पटाईत, शिवायला अगदीच यथातथा. टीप अशी वाकडी की त्या जुन्या बाईने दया येऊन गठ्ठा काढून घेतला. मग इतरांनीही गठ्ठे सोडून शिवायला घेतले.

दोन दिवसांत ढीग जिन्यावरून हलला आणि कॉलर लावणाऱ्या दोघींपुढे साचला. दिरांनी तो आता लगेच ओळखला. कॉलरला आणखी दोघी हव्यात, हे सांगून ते थांबले नाहीत. कापड कसं धरलं की कॉलरचं टोक नीट बसतं, ते त्यांनी बाजूला बसून चौघींना दाखवलं. कापडाचा स्वभाव त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? यंत्राला तर नक्कीच नव्हता. ढीग मग काज-बटणांवर गेला, हे त्याच्या मागे.

महिनाअखेरीला कपडे तिपटीने वाढले असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. एक तृतीयांशाने वाढले. मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, कमी करायचं बोलणं मी मागे घेते. तुमचं ते टेबल मात्र काढू या, तिथे शिलाईची चार मशीनं बसतील." बत्तीस वर्षांचं टेबल. दिरांनीच त्याचा एक पाय धरून ते बाहेर काढलं. कंबर धरली, पण नोकरी राहिली.

त्या रविवारी दोघं पुन्हा माझ्याकडे आले. दीर दोन कप चहा प्यायले, चहात साखर कमी म्हणाले आणि बोलता बोलता खुर्चीतच झोपले. चार महिन्यांत हे असे झोपले नव्हते, जाऊ म्हणाली. मला खरं तर त्या खुर्चीत बसायचं होतं. मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं.