संत्र्याची वाइन

आम्ही वाइन आयात करायचो असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बोटी आणि बंदरं येतात. आमची वाइन गोव्याहून यायची, ट्रकमधून, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून. पण दारूबंदीच्या कायद्यात राज्याबाहेरून आलेली बाटली म्हणजे आयातच. तिचा परवाना काढताना ह्यांच्या चपला झिजल्या.

नगरला कॅम्पाच्या बाजूला ह्यांचं परमिटचं दुकान होतं, सरकारी परमिट असलेल्यालाच दारू विकायचं. सासऱ्यांनी सुरू केलेलं. रम, ब्रँडी, थोडी व्हिस्की. नातेवाइकांत आम्ही "औषधांचं दुकान" म्हणायचो आणि विषय बदलायचो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही मडगावला गेलो. तिथे ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंनी जेवणाआधी सगळ्यांना छोट्या पेल्यांतून संत्र्याच्या स्वादाची वाइन दिली. त्यांच्या सासूबाईसुद्धा आमच्यासोबत बसून प्यायल्या. गोड, किंचित कडसर, आणि नाकाशी साल सोलल्याचा वास. मी दुसरा पेला मागितला तेव्हा हे खोकले.

परतताना बसमध्ये मीच म्हटलं, "अहो, ही आपल्या दुकानात ठेवा. आपल्याकडे असलं काही मिळतच नाही."

"मिळत नाही, कारण कुणी मागत नाही," हे म्हणाले.

"माहीतच नाही तर मागतील कसे?"

ह्यांना वाद घालायचा कंटाळा. परवान्यासाठी अर्ज गेला. कधी साहेब दौऱ्यावर, कधी शिक्का राहिला, कधी वाइनमध्ये स्वाद घातला तर तिला वाइन म्हणायचं की आणखी काही, यावर दोन टेबलांचं एकमत होईना. अखेर दिवाळीच्या सुमारास ट्रक आला. खोकी उघडली तर कितीतरी बाटल्या घाटात फुटलेल्या. तरी उरलेल्या मी ओल्या फडक्याने पुसल्या. कपाटात त्या नारिंगी दिसायच्या, रमच्या काळ्या रांगेशेजारी अगदी उजेडासारख्या.

आणि तिथेच राहिल्या.

दुकानामागे आमची राहायची खोली, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडचं सगळं ऐकू यायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "ही काय नवीन?" हे सांगायचे, "संत्र्याची वाइन आहे. गोव्याची." मग हमखास तो प्रश्न यायचा: "चढते का?" आणि आमचे हे, खोटं बोलता न येणारा माणूस, म्हणायचे, "तशी नाही चढत. सरबतासारखी आहे."

मी आत हातातलं लाटणं आपटायची.

एकदा साखर कारखान्यातले एक साहेब आले होते. पुन्हा तेच सरबत ऐकलं आणि मला राहवेना. पडदा सारून मी बाहेर आले. "सरबत नाही हो ते," मी म्हटलं. "जेवणाआधी थोडीशी घ्यायची असते. घरच्यांबरोबर बसून."

साहेब एकदम उठून उभे राहिले. दारूच्या दुकानात घरंदाज बाई बोलली म्हणून त्यांचेच कान लाल झाले. एक बाटली घेऊन ते निघून गेले. पुढच्या आठवड्यात आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्या मंडळींना फार आवडली. पण आता नको. आईला वास आला. शिवाय परमिटवर महिन्याच्या बाटल्या ठरलेल्या. एक ह्यात गेली की रमची एक कमी होते."

त्या दिवशी मला आमची अडचण लख्ख कळली. जिला आवडेल ती दुकानात येऊ शकत नव्हती, आणि जो येत होता त्याला ती नको होती. याला मी काय करणार होते?

तरी मी हटून बसले. भंडारदऱ्याला मुंबईचे लोक येतात, तिथल्या हॉटेलात खपेल, म्हणून एसटीने संगमनेर, अकोले करत आम्ही गेलो. बाटली मात्र नेता आली नाही; पिशवीत ती सापडली असती तर तोही गुन्हा ठरला असता. मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चव दाखवा की," तो म्हणाला.

"आणता येत नाही."

"मग चव न बघता कशी घेऊ? आणि घेतली तरी द्यायची कुणाला?" त्याने खिडकीबाहेर बोट केलं. दुष्काळाचं वर्ष. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, काठावर चिखल वाळून भेगाळला होता, आणि अंगणात एकही मोटार नव्हती.

मिळेल त्या एसटीने आम्ही नगरला परतलो.

उन्हाळ्यात दुकानाचे पत्रे तापले. एका दुपारी बूच उडाल्याचा आवाज आला, मग दुसरा. वाइन फसफसून आंबली होती. दारूबंदी खात्याचा इन्स्पेक्टर येऊन बघून गेला आणि त्याच्यासमोर सगळ्या बाटल्या गटारीत ओतायचा हुकूम झाला. आम्ही ओतत होतो त्याच वेळी गल्लीत टँकरची वाट बघत बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पायांशेजारून नारिंगी ओघळ वाहत गेला. पूर्वेकडच्या कुठल्याशा गावाहून दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली एक म्हातारी उठून उभी राहिली.

"आमाला प्यायला थेंब न्हाई," ती म्हणाली, "आन् तुमी हे काय सांडताय, बाई?"

मला तिचा राग आला, इन्स्पेक्टरचा आला, रिकामी बाटली नीट उलटी करून धरणाऱ्या ह्यांचा तर सर्वांत जास्त आला. त्या वर्षभरात ह्यांनी एकदाही मला "तुझ्यामुळे" असं म्हटलं नव्हतं. म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

रात्री जेवताना आमटी वाढून घेत हे म्हणाले, "गोव्याचं पत्र आलंय. आता अननसाच्या स्वादाची काढलीये म्हणे. मागवू या का?"

मी ताटावरून उठले. मागच्या अंगणात जाऊन हात धुवायला घागर वाकवली तर तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी होतं. ते तसंच ठेवून मी पायरीवर बसून राहिले. आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, आमटी निवतेय." मी बराच वेळ गेले नाही.

अननसाची आम्ही मागवली नाही. कपाटातल्या त्या जागी पुन्हा रम आली आणि ती खपत राहिली.