गुरुजींचं अमरफळ

"बाई, हळू बोला, झाड फुलावर हाय."

आमच्या केदारखेड्याच्या रिटायर गुरुजींच्या दारात गेलं की पहिलं हे ऐकायचं, चहा नंतर. आता फुलाला कान असतात का, तुम्हीच सांगा.

हिमाचलात मुलाकडे राहून आले ते अमरफळाचं रोप घेऊनच. टमाट्यासारखं भगवं फळ येतं म्हणे. पण तिकडं थंडी, इकडं चैत्रातच पत्रे तापतात. झाड फुलायचं, ऊन चढलं की सगळं खाली. पाचव्या वर्षी त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, सांगून टाकलं, "यंदा दसऱ्याला फळ न्हाई दिसलं तर हे तोडून लिंबू लावीन."

म्हणून गुरुजी माझ्याकडे आले. मी उभी हयात कपाशीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंग केलेलं. नराचं फूल मादीवर फिरवायचं, खुणेला दोरा बांधायचा. झाड पाहून म्हटलं, "गुरुजी, ह्या तर सगळ्या नवऱ्या मुलीच. नवरदेव कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी जाफराबादकडच्या डोंगरातून टेंभुर्णीची नर फुलं घेऊन आले. टेंभुर्णी म्हणजे अमरफळाची रानातली भावकी, असं त्यांनी वाचलं होतं. एसटीत मांडीवर डबा, डब्यात ओल्या रुमालात फुलं. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाले, वऱ्हाड हाय.

मी एकेका फुलाला क्रॉसिंग करून लाल दोरा बांधला. गुरुजींनी काकूंची लुगडी झाडावर सावलीला टाकली, भर दुपारी फवारणीच्या पंपानं पाणी मारलं. काकू म्हणाल्या, "मला ताप आल्ता तवा कपाळावर घडी ठेवली न्हाई ह्यांनी."

तरी वैशाखात दोऱ्याची फुलं सगळी गळाली. एकच फळ राहिलं, आत दाट पानांत, जिथं ऊनही पोचलं नव्हतं आणि माझा हातही. त्याला दोरा नव्हता. माझं तोंड एवढंसं झालं. गुरुजींनी खिशातून दोरा काढला, गुपचूप त्याला बांधला आणि काकूंना हाक मारली, "बघ, बाईंच्या हाताला यश हाय."

दसऱ्याला काकूंनी ते कडक फळ कापलं. ते पिलपिलीत झाल्यावरच खायचं असतं, हे सांगायला गुरुजी विसरले की मुद्दाम बोलले नाहीत, देव जाणे. पहिल्याच तुरट फोडीला काकूंची जीभ टाळूला चिकटली.

"मंग, ठेवायचं ना झाड?" गुरुजींनी हळूच विचारलं.

काकूंना न्हाई म्हणायला तोंडच उघडेना. गुरुजी लगोलग आळ्यात पाणी सोडायला गेले.

त्याच थंडीत गुरुजी वारले. काकूंनी लिंबाचं रोप आणलं खरं, पण लावलं पार तिकडं, विहिरीजवळ.