शटर उघडं असताना

"शटर उघडं हाय!" असं मोटरसायकलवर माझ्यामागे कॅमेरा घेऊन बसलेले भाऊ ओरडले, की मी हँडल घट्ट धरायचो. त्यानंतर मी ब्रेक दाबायचा नाही, हॉर्न वाजवायचा नाही, मान वळवायची नाही, जमलं तर श्वासही घ्यायचा नाही, असा आमचा ठराव होता. ठराव कसला, हुकूमच. मग कधीतरी "मिटलं" असं हलक्या आवाजात ऐकू यायचं आणि मी पुन्हा माणसांत यायचो.

कामशेतच्या बाजारात मी औषधांच्या दुकानात काम करतो. समोरच भाऊंचा फोटो स्टुडिओ होता. साठी उलटलेला, काटकुळा माणूस. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला "हलू नगा, देवळात बसल्यावानी बसा" असं दरडावायचा. सगळी हयात लोकांना हलू नका म्हणण्यात गेली, म्हणूनच की काय, उतारवयात त्यांना हलणाऱ्या गोष्टींचं वेड लागलं. धावत्या मोटरसायकलवरून, शटर बराच वेळ उघडं ठेवून, ते फोटो काढू लागले.

असा फोटो तुम्ही पाहिला असेल, तर त्यात काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. रस्ता, झाडं, डोंगर, समोरचे दिवे, सगळं ओल्या रंगावरून हात फिरवावा तसं वाहून जातं. गाडी आणि गाडीवरचा माणूस तेवढे ठळक उमटतात. अट एकच, कॅमेरा गाडीबरोबर चालला पाहिजे, स्वतः डुगडुगता कामा नये. त्यासाठी भाऊंनी इंद्रायणी तांदळाची एक पुरचुंडी शिवून घेतली होती. ती माझ्या उजव्या खांद्यावर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा. म्हणजे कॅमेऱ्याची घोडी मीच, आणि गाडी चालवणाराही मीच.

आता मी जात्याच भित्रा. घाटात बस वळली तरी डोळे मिटून घेणारा. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, गावात एवढी धाडसी पोरं आहेत. मीच का?"

"धाडशी मान्साची गाडी वाकडी पळती," ते म्हणाले. "भित्र्याची सरळ जाती. तू घाबरतोस न्हवं? मग बरं हाय. घाबर."

मी मन लावून घाबरलो. संध्याकाळचा उजेड उतरला की आम्ही पवनेच्या रस्त्याला लागायचो. समोरून वाळूचा डंपर यायचा, तेवढ्यात मागून शटर उघडायचं. हँडलच्या मुठी घामाने निसटायच्या. शिरगावच्या साईबाबांना मी त्या वाटेवर इतके नवस बोललो, की फेडायचे म्हटले तर तिथेच खोली घेऊन राहावं लागलं असतं. भाऊंच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तू हायेस म्हनून मी त्यांना जाऊ देती बाबा."

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या श्रावणात आम्ही वलवणच्या धरणाकडे गेलो होतो. धुकं असं, की पुढचा विजेचा खांब जवळ आल्यावरच खांब वाटायचा. भाऊ खुशीत होते. "दुधातनं गाडी चाललीया रं," म्हणाले, आणि शटर उघडलं.

म्हशी मला दिसल्या. हे नीट सांगतो, दिसल्या. धुक्यात काळं काहीतरी रस्त्यावर चढलं, मग दुसरं, मग तिसरं. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की शटर उघडं आहे. मी ब्रेक दाबला नाही. दोन म्हशींच्या मधून गाडी गेली. एकीचं ओलं अंग माझ्या गुडघ्याला घासलं. गुराखी काय ओरडला ते कळलं नाही. पुढे गेल्यावर मागून "मिटलं" असं ऐकू आलं, आणि लगेच, "थांब."

भाऊ खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसले. लेन्सचं झाकण त्यांना काही केल्या बसेना. मला मात्र काहीच झालं नव्हतं. मला तर, खरं सांगायचं तर, फोटो कसा आला असेल याची उत्सुकता होती.

फोटो चांगला आला होता. पांढऱ्यात वाहणारं हिरवं, डाव्या अंगाला एक काळा ओघळ, आणि मधोमध माझे दोन हात. भाऊंनी स्टुडिओत त्या फोटोशेजारी माझा एक जुना फोटो ठेवला.

"बोटं बघ," ते म्हणाले.

जुन्या फोटोत माझी दोन बोटं ब्रेकवर ताठ होती. नव्यात सगळी बोटं मुठीवर निवांत पसरली होती.

"तुझं भ्या गेलं," भाऊ म्हणाले. "आन् माझा जीव त्या भ्यावर हुता. आता तुझ्यामागं मी बसत न्हाई."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट फार राग आला. इतकं घाबरून शेवटी हेच? भाऊंनी ते फोटोच बंद केले. कुणी विचारलं तर सांगायचे, "दुसरा भित्रा घावला न्हाई." दुकानात औषधाला यायचे, बोलायचे, हसायचे. गाडीचा विषय तेवढा काढत नसत.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी काकू धावत दुकानात आल्या. भाऊंच्या छातीत कळ आली होती. लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांनी जुना हायवे गच्च भरला होता, रुग्णवाहिका त्यातच कुठेतरी अडकलेली. मोटरसायकल तेवढी कडेकडेने निघाली असती. मी गाडी त्यांच्या दाराशी आणली. घामाने निथळलेल्या भाऊंना शेजारच्या दोघांनी धरून बाहेर आणलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाबरलास?"

"लय, भाऊ."

"मग चल," ते म्हणाले.

काकूंनी चादरीने त्यांना माझ्या पाठीशी घट्ट बांधलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी धरलं नव्हतं, त्यांच्या हातात नेहमी कॅमेरा असायचा. आज त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या पोटाला विळखा घातला. मी बोटं ब्रेकवर ठेवून थांबलेल्या गाड्यांच्या कडेने, चिखलातून निघालो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. दर वळणावर मी तो विळखा तपासत होतो.

वडगावच्या अलीकडे तो सैल पडला. मी ब्रेक दाबला. "भाऊ," अशी हाक मारली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं होतं, पण श्वास मानेला लागत नव्हता. वळून बघायचं माझं धाडस झालं नाही. त्यांचे दोन्ही हात डाव्या हाताने पोटाशी दाबून धरले आणि तळेगावच्या दवाखान्यापर्यंत मी एका हाताने गाडी चालवली.