सामूकाकांचा आवाज

कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर मुंबईची गाडी सुटायला आली होती, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, आणि माझे वडील गाडीच्या पायरीवर उभे राहून डोळे मिटून खणखणीत आवाजात प्रार्थना करत होते. विषय अब्राहाम, म्हणजे घर सोडून निघालेला माणूस. अब्राहाम अजून निम्म्या वाटेवर होता तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "पावणं, आमेन म्हणा की आता. वडगावला लोकं ताटकळल्यात." सगळी गाडी हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी अब्राहामाला घाईघाईनं कनान देशात उतरवलं आणि मग स्वतः उतरले.

मी तेवीस वर्षांचा, मस्कतच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या नोकरीला निघालेला. खिडकीखाली इंदूमावशी उभी होती. सख्खी मावशी नव्हे. नेसरीच्या अलीकडं आमचं गाव, तिथं ख्रिस्ती घरं बारा, त्यामुळं सगळ्याच मावश्या. तिनं गुळाची छोटी ढेप खिडकीतून आत ढकलली आणि माझं मनगट धरलं.

"सामूचा आवाज तूबी ऐकलास न्हवं त्या पहाटे? तिकडच्या लोकांस्नी सांग. साक्षीदार हायस तू."

मी मान हलवली. घंटी वाजली.

आता तुम्ही मागं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघांनाही त्या पहाटेची गोष्ट सांगायला हवी. मोठी मजेशीर आहे. निदान तेव्हा मला तशी वाटली होती.

सामूकाका म्हणजे मावशीचा नवरा, गुऱ्हाळावरचा गुळव्या. आयुष्यभर धूर गिळून घसा असा झालेला की बोलले की कढईचा तळ खरवडल्यासारखं वाटायचं. मला गावातल्या कुणाचाही आवाज काढता यायचा. चर्चचे पाळकसाहेब, हेडमास्तर, दूध डेअरीचे चेअरमन. वडील म्हणायचे, "नकला कर, पर देवाम्होरं न्हाय." पण सामूकाकांचा आवाज माझा हुकमी एक्का होता. तो काढला की गुऱ्हाळाची कुत्रीसुद्धा शेपटी हलवत यायची.

एका हंगामात नवराबायकोचं वाजलं, बोलणं बंद झालं. आमच्या चर्चच्या मंडळीत रिवाज आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या आधी, ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या हाताला हात लावायचा, मगच मेजापाशी जायचं. त्या रविवारी सामूकाकांनी बाकांच्या मधल्या वाटेवरून हात पुढं केला. मावशीनं आपला हात पदराखाली घेतला. बुधवारी काका गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी कोसळले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर वर्षभर मावशी मेजापाशी गेली नाही. मेजावर भाकर आणि प्याला मांडला की खाली बघायची. "त्यानं माफ केल्याबिगर कसं घिऊ?" एवढंच म्हणायची.

मग ईस्टर आला. पुनरुत्थानाच्या पहाटे आमची उपासना कबरस्तानात होते. धुकं असं होतं की कबरींवरचे क्रूस अधांतरी तरंगल्यासारखे दिसत होते. मी एकोणीस वर्षांचा, अंगात किडे. गीत चालू असताना सटकलो आणि भिंतीपलीकडच्या उसात जाऊन बसलो. गीत संपलं, सगळे गप्प झाले आणि मी घसा खरवडला.

"इंदे, मी रागावलो न्हाय गं."

मला वाटलं होतं, आधी किंकाळी, मग पळापळ, मग हशा आणि शेवटी वडिलांचा जोडा. किंकाळी आलीच नाही. धुक्यातून मावशीचा आवाज आला, "बरं." बाहेरून नवऱ्यानं हाक मारावी आणि आतून बायकोनं ओ द्यावी, तसं. विनोद माझा, आणि घाबरलोही मीच.

त्या दिवशी ती मेजापाशी गेली. त्यानंतर गावात कुणीही आजारी पडलं, कुठल्याही घरातलं, की सकाळी मावशी पेजेची किटली घेऊन दारात हजर. आणि दर ईस्टरला कबरस्तानात उभी राहून तीच साक्ष, "माझा नवरा बोलला, मला माफी मिळाली." तिला खरं सांगणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीनच काढून घेणं. म्हणून मी गप्प राहिलो. ही माझी सबब होती आणि ती मी सव्वीस वर्षं परदेशात इस्त्री करून वापरली.

मस्कतला आमचा रविवार शुक्रवारी येतो, कारण सुट्टी शुक्रवारची. आठदहा मराठी घरं एका हॉलमध्ये जमतो, नंतर बिर्याणी. पंचविसाव्या वर्षी एका शुक्रवारी मला प्रार्थना करायला सांगितली. मी "हे प्रभू" म्हणालो आणि माझ्या तोंडातून सामूकाका बोलले. मी नक्कल करत नव्हतो. ओठ माझे, घसा त्यांचा. खोकलून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. आमच्यातली जयसिंगपूरची सिस्टर नंतर म्हणाली, "ब्रदर, घसा बसलाय का? आणि गूळ कुणी जाळला? वास येतोय."

बोलताना आवाज माझा, गाताना माझा, भाजीवाल्याशी भांडताना तर फारच माझा. फक्त प्रार्थनेला तोंड उघडलं की तो. वर्षभर मी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. वॉर्डात पेशंटचे नातेवाईक म्हणायचे, ब्रदर, प्रेयर करा ना. मी सलाइन तपासायचो.

रजा मी नेहमी नाताळात घेत असे. या खेपेला ईस्टरला घेतली.

आदल्या दिवशी दुपारी मावशीच्या दारात गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ऊस, भिंत, नक्कल. तिचा हात थांबला नाही. एक खडा काढून तिनं अंगणात टाकला.

"जेवलायस काय?"

"न्हाय, मावशी."

"मग जा, जेव जा." आणि दार लावून घेतलं. तीस वर्षांत ते दार दिवसा लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पहाटे कबरस्तानात धुकं होतंच, जणू उठून गेलंच नव्हतं. साक्षीची वेळ आली. मावशी काठी टेकत उभी राहिली.

"तीस वर्सं मी खोटी साक्ष दिली. सामू बोलला न्हवता. ह्यो गाढव बोलला." तिचं बोट माझ्याकडं वळलं. बारा घरांच्या माना वळल्या. "म्हंजे सामूनं माफ केलं का न्हाय, ठावं न्हाय. कालधरनं इचार केला, आता मेजाकडं कसं जायचं? मग म्हटलं, मेज मांडलंय कुणी? सामूनं? ज्या प्रभूनं मांडलं त्यानं कवा म्हटलं हुतं, नवऱ्याची चिठ्ठी आण म्हणून? मी जाणार हाय."

मग ती माझ्यापुढं आली आणि पदराखालून हात बाहेर काढून पुढं केला. मी हात लावला. गार होता.

"आता प्रार्थना कर, मर्दा. सोताच्या घशानं."

मी तोंड उघडलं. बारीक, चिरका, भेदरलेला आवाज आला. माझा. क्षमा मागितली. काय काय बोललो आठवत नाही, नाटकी काहीच नव्हतं. शेवटाला आलो, श्वास घेतला, आणि मी म्हणायच्या आधी भिंतीपलीकडून कुणीतरी घसा खरवडून म्हणालं,

"आमेन."

कुणी वळून पाहिलं नाही. फक्त मावशी म्हणाली, "बरं." आणि चर्चच्या वाटेला लागली.

मी भिंतीवरून डोकावलो. ऊस महिन्यापूर्वीच तुटून गेला होता. ओढ्यापर्यंत रान मोकळं, ससा लपेल एवढीही जागा नव्हती.

आता शुक्रवारी प्रार्थना मीच करतो, माझ्या चिरक्या आवाजात. सिस्टर विचारते, "ब्रदर, आमेनच्या आधी तुम्ही एवढे का थांबता? बिर्याणी गार होते." मी काहीतरी चेष्टा करून वेळ मारून नेतो. तुम्हाला म्हणून सांगतो, मी तेव्हा कान देत असतो. अजून इथं कुणी बोललेलं नाही. पण घर कुठलं असं विचारलंत, तर आता माझं घर तेवढ्या थांबण्यातच आहे.