सही सत्यभामाताईंची

आमच्या मोहाडीच्या केंद्रात सत्यभामाताई चौदा वर्षांपासून कंत्राटावर आहेत आणि मी, विनोद, त्यांच्या बाजूच्या टेबलावर अकरा. दर मार्चला वाटतं, आता काढतात. काढत नाहीत आणि कायमही करत नाहीत. माणूस थकतो हो अशानं.

इथल्या संस्थांचे ऑनलाइन अर्ज आमच्याकडून जातात. मागच्या वर्षी केंद्र चालवणाऱ्या कंपनीने त्यावर एक एआय राखणदार बसवला. चोर शिरतोय असं वाटलं की तो कोणालाही न विचारता खातं बंद करतो. त्याच्यावर माणसाची नजर हवी, म्हणून आम्ही दोघं. त्याचा निर्णय 'बरोबर' म्हणायला एक बटण. 'चूक' म्हणायला मात्र फॉर्म, कारण, नाव, सही. दिवसाला दोनशे खाती यायची. मी तंबाखूचा खर्रा चघळत बटण दाबत सुटायचो. खोटं कशाला बोलू, वाचत नव्हतो.

ताई वाचायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, चष्मा पुसायच्या, पुन्हा वाचायच्या. मी चिडायचो. "ताई, कायले मरून राहिल्या? मशीन आपल्याहून हुशार आहे."

"असन ना हुशार. पन उद्या कोनी जाब विचारला, तर ते उत्तर द्यायले येते का?"

एका शुक्रवारी दुपारी मच्छीमार संस्थेची बायाबाई दारात उभी राहिली. मागे अंगणात तिच्या गावचे ढिवर, सगळे त्रेचाळीस सभासद, ओल्या कपड्यांनी तसेच टेम्पोत बसून आलेले. तलावाचा ठेका पुन्हा मिळायला प्रत्येकाने आपल्या खात्यातून संमती द्यायची होती, त्याच दिवशी पाचच्या आत. नाही दिली तर तलाव दुसऱ्याला. आणि खाती सगळी बंद!

ताईंनी स्क्रीन उघडली. राखणदाराचं कारण होतं: एकाच फोनवर तासाभरात त्रेचाळीस लोकांचे ओटीपी, टोळी असावी. खाली शेरा, 'माणसाने तपासले, बरोबर.' ते बटण सकाळी मीच दाबलं होतं. मी माझ्या स्क्रीनकडे वळलो.

"एकच नंबर काहून दिला हो?" ताईंनी विचारलं.

बायाबाई भडकली. "मंग का करतीन? मानसं डोंग्यात. पान्यात फोन कोन नेते? पयल्यापासून संस्थेचा एकच फोन, तलावाच्या पाळीवर, काठाले, माह्या पदरात रायते. निरोप आला का मी हाका मारतो."

ताईंनी कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "सिस्टिमने बंद केलंय. उघडायचं तर तुमच्या सहीने उघडा."

"आन बंद कोनाच्या सहीनं केलं?"

फोन कट. चार वाजून दहा झाले होते. ताई यादी घेऊन अंगणात गेल्या. एकेक नाव पुकारलं, एकेकाचं आधार कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला. मग आत येऊन फॉर्म भरला आणि सही केली. पाच वाजायला सात मिनिटं असताना शेवटची संमती गेली. बायाबाई तिथेच फरशीवर बसून रडली.

सोमवारी कंपनीचा अहवाल भिंतीवर लागला. राखणदाराच्या चुका शून्य. मानवी चूक एक: सत्यभामाताईंनी राखणदाराचा निर्णय डावलला, मार्चमध्ये कंत्राटाचा फेरविचार व्हावा. माझं नाव कुठेच नव्हतं. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्याची जास्त लाज वाटली.

"तलाव तर वाचला ना, ताई," मी म्हटलं.

"वाचला. पन मार्चनंतर मी नसन, भाऊ. मंग कोन वाचन?"

दुपारी मी आयुष्यातला पहिला 'चूक' फॉर्म काढला. लिहिलं, त्रेचाळीस खाती राखणदाराने चुकीने बंद केली आणि मी, विनोद, न वाचता बरोबर म्हणालो. पोटाची काळजी मलाही आहे. तरी सही केली आणि एक प्रत अहवालाशेजारी चिकटवली.

ताई उठून आल्या. चष्मा पुसला आणि तो कागदही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.