मुळे डॉक्टरांचा राग

आजारी मेंढीपाशी आले की मुळे डॉक्टर आधी तिच्या तोंडाला नाक लावत. बघणारे हसत. श्वासाला गोडसर वास आला असेल, तर ते डॉक्टरांच्या चेहऱ्यावरूनच कळे. मग ते उसळत. "मेंढी खाली बसल्यावरच मला बोलवायचं, असं ठरवलंय का तुमी? मी डॉक्टर हाय का पंचनामा करणारा?"

कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात मी सून म्हणून आले, तेव्हा मेंढ्यांतलं मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते डॉक्टरांच्या तोंडून, आणि तेही बहुतेक माझ्या सासऱ्यांवर ओरडताना. सासऱ्यांची, म्हणजे ग्यानबामामांची, समजूत अशी, की गाभण मेंढीला दाणा घातला की कोकरू पोटात फार वाढतं आणि वितानाच अडतं. म्हणून दिवस भरत आले की ते तिचं खाणं उलट कमी करत. डॉक्टर समजावत, "ग्यानबा, पोटात जुळं हाय. चाऱ्याला जागा उरली न्हाई, अन् कोकरं तिच्या रक्तातली साखर ओढून राहिली. मग ती सोताची चरबी जाळते, त्याचाच हा गोड वास, अन् त्यातच मरते. शेवटचा दीड महिना रोज ओंजळभर भरड घाला, बस." मामा मान हलवत. डॉक्टरांची मोटारसायकल वळली की म्हणत, "माणूस चांगला हाय, पण लई बोलतो."

एका हिवाळ्यात मामांची लाडकी काळतोंडी मेंढी चरेनाशी झाली. कळप सोडून ती भिंतीला डोकं लावून उभी राही, दात खाई. "डॉक्टरांना बोलवा," मी म्हणाले. "थंडी बाधली," म्हणत मामांनी तिला हळदीचं पाणी पाजलं. ती बसली, तेव्हा कुठे त्यांनी फोन करू दिला.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. तिने मान उचलली, पण थोड्या वेळाने पुन्हा टाकली. डॉक्टर म्हणाले, "कोकरं आत्ता काढली तर आई वाचंल कदाचित. कोकरं कच्ची हायत, ती न्हाई जगायची."

"थोडं थांबू, साहेब. तिघं बी वाचतील."

डॉक्टर दुपारभर तिथेच बसून राहिले. पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मामा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत "थांबू" म्हणत राहिले. दिवस मावळता मावळता ती गेली, पोटातल्या दोन्ही कोकरांसकट.

"नशीब तिचं," मामा पुटपुटले.

"नशीब नका म्हणू!" डॉक्टर एवढ्याने ओरडले, की कळप बिचकला. "साखर म्हणा! भूक म्हणा! नशिबाला माझ्याकडं औषध न्हाई, ह्याला होतं." हात न धुताच ते निघून गेले. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढे डॉक्टरांची बदली झाली. त्या साली मी मामांशी उघड भांडले आणि गाभण मेंढ्यांना स्वतः ज्वारीची भरड घालू लागले. मामा तोंड फिरवून बसत. मेंढ्या नीट व्याल्या. जुळी झाली, तीही जगली. मी आनंदाने डॉक्टरांना फोन केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "अन् शेजारी?"

शेजारच्या मारुतीभाऊंच्या मेंढ्या तशाच मरत होत्या, हे मला सांगावं लागलं.

"तू सांगितलं न्हाई त्यांना?"

"सांगितलं. ऐकत न्हाईत."

 त्यांनी फोनच कट केला. मला फार वाईट वाटलं. एवढी चांगली बातमी दिली, आणि त्यांनी धड कौतुकही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. "त्या मारुतीचा नंबर दे," ते म्हणाले. "अन् त्यानं तुझ्याकडं येऊन तक्रार केली, तर सांग, हा माणूस असाच हाय."